बारा आणि एकसष्ट

ऑकलंडच्या दक्षिण काठावर, मनुकाऊच्या उथळ खाडीकडे उतरत जाणाऱ्या टेकडीवर हिल्सबरो वसलं आहे. इथे बसून मुंबईतल्या परळच्या कर्करोग-संशोधनाचा इतिहास लिहायचा तर आधार एकच, छापील कागद. सुदैवाने परळच्या शास्त्रज्ञांनी कागद भरपूर मागे ठेवले आहेत. कर्करोगाच्या जागतिक नियतकालिकांत गेल्या ऐंशी वर्षांत छापलेले हे निबंध आता जुन्या अंकांच्या छायाप्रतींतून कुठेही वाचता येतात. त्यांतला सगळ्यात जुना 1944 चा, सगळ्यात नवा 2013 चा.

ते ओळीने लावून वाचले की एका प्रश्नाचा माग लागतो. गालात ठेवलेली तंबाखूची चिमूट पेशीच्या आत, जनुकाच्या मजकुरात नेमकं काय बदलते? आणि ते कळण्याआधी आपल्याला काय काय कळलेलं होतं?

लागोपाठचे एक हजार

28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. लंडनहून विकृतिशास्त्राचं शिक्षण घेऊन आलेले खानोलकर पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संचालक झाले, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. पण आपल्याला हवा आहे तो त्यांचा 1944 चा निबंध. 'कॅन्सर रिसर्च' या अमेरिकी नियतकालिकात तो आला. विषय होता मुंबईतला तोंडाचा कर्करोग, आणि पाया होता लागोपाठ आलेले एक हजार रुग्ण.

या शीर्षकातला 'लागोपाठ' हा शब्द महत्त्वाचा आहे. वेगळे, नवलाचे, आपल्या म्हणण्याला सोयीचे रुग्ण वेचून काढायचे नाहीत. जो आला तो मोजायचा. रुग्णालय उघडून तीन वर्षं होतात न होतात तोच एकट्या तोंडाच्या कर्करोगाचे हजार रुग्ण मोजता यावेत, हीच मोठी बातमी होती. युरोप-अमेरिकेत हा आजार इतका सर्रास दिसत नव्हता.

पुढच्याच वर्षी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी आणखी एक निबंध लिहिला. त्याचा विषय होता लोकांच्या सवयी आणि त्यांतून होणारे कर्करोग. कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या काठाखाली, वर्षानुवर्षं घासल्या जाणाऱ्या कातडीवर होणारी गाठ त्यांनी नोंदवली. खैनी खालच्या ओठामागे ठेवणाऱ्यांना नेमक्या त्याच खोबणीत होणारा कर्करोगही नोंदवला. दोन्ही ठिकाणी वाचण्याची रीत एकच होती. गाठ कुठे आहे ते पाहायचं आणि तिथे रोज काय लागतं ते विचारायचं.

तंबाखू खाणाऱ्याच्या हालचाली आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखाच्या टोकावर चुना, उजव्या अंगठ्याने मळायचं, दोन थापट्या मारून धूळ उडवायची आणि उरलेली गोळी खालच्या हिरडी-गालाच्या फटीत सारायची. ती तिथेच राहते, कधी तासभर, कधी झोपेतही. पान खाणारा तीच गोष्ट काथ-सुपारीसकट करतो. गावाकडच्या बायका तव्यावर तंबाखू काळी होईस्तो भाजून तिची मिश्री करतात आणि बोटाने हिरड्यांवर चोळतात. परळच्या वॉर्डात अशा चघळणाऱ्यांची गाठ बहुतेक वेळा त्याच फटीत, त्याच गालावर, त्याच हिरडीवर असायची.

1955 मध्ये एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांचा निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. आता रुग्णांच्या जोडीला निरोगी माणसांशी तुलना होती. चघळणाऱ्यांचा कर्करोग मुख्यतः तोंडाच्या पोकळीत आणि बिडी ओढणाऱ्यांचा जिभेच्या मुळाशी, घशाकडे, असा फरक त्यांनी आकड्यांत मांडला. 1963 मध्ये मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू झाली. 1971 मध्ये डी. जे. जस्सावाला आणि व्ही. ए. देशपांडे यांनी चघळणाऱ्यांचा व ओढणाऱ्यांचा धोका पुन्हा मोजला. 1972 मध्ये फली मेहता, पी. सी. गुप्ता, डी. के. दफ्तरी आदींनी महाराष्ट्रातल्या 1,01,761 खेडुतांची तोंडं तपासून निबंध लिहिला. रुग्णालयाच्या दाराशी येणाऱ्यांची मोजणी आता गावात, घराच्या ओट्यापर्यंत पोहोचली होती.

तोवर कारण ठरलेलं होतं. आत, पेशीत काय घडतं ते मात्र या कोणत्याही कागदात नाही. ते त्या काळात जगात कोणालाच ठाऊक नव्हतं.

कोंबडीपासून मूत्राशयापर्यंत

जनुकाचा धागा दुसरीकडून येतो. 1911 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस यांनी एका कोंबडीची गाठ वाटली, पेशी व जिवाणू अडतील अशा बारीक गाळणीतून तिचा रस काढला आणि तो दुसऱ्या कोंबड्यांना टोचला. त्यांनाही गाठी झाल्या. गाळणीतून पार झालेली वस्तू विषाणू होती. तिची दखल घ्यायला जगाला वेळ लागला. राऊस यांना नोबेल मिळालं ते 1966 मध्ये.

त्या विषाणूत 'सार्क' नावाचं एक जनुक आहे आणि गाठ तेच करतं, हे पुढे कळलं. मग 1976 मध्ये स्टेहेलिन, वार्मस, बिशप आणि व्होग्ट यांचा निबंध आला आणि सगळं चित्र उलटं झालं. हे जनुक विषाणूचं मुळात नव्हतंच. ते निरोगी पक्ष्यांच्या पेशीत आधीपासून होतं आणि विषाणूने ते कधीकाळी तिथून उचललं होतं. म्हणजे कर्करोगाचं बी बाहेरूनच यावं असं नाही. पेशीची वाढ आणि विभाजन सांभाळणारी जी रोजच्या कामाची जनुकं आहेत, त्यांच्यातच ते असतं. ही जनुकं बिघडली की त्यांना कर्कजनुकं म्हणतात, इंग्रजीतून आलेल्या नावाने ऑन्कोजीन.

माणसाच्या गाठीतलं पहिलं कर्कजनुक नेमकं कुठे बिघडलं आहे ते 1982 मध्ये उघड झालं. टी-24 या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींत एच-रास जनुक तपासलं गेलं. तीन प्रयोगशाळांना जवळपास एकाच वेळी एकच उत्तर मिळालं. त्यांतल्या एका निबंधाचे पहिले लेखक होते ई. प्रेमकुमार रेड्डी. हजारो अक्षरांच्या त्या जनुकात फरक होता एकाच अक्षराचा. बाराव्या कोडॉनमध्ये 'जीजीसी'च्या जागी 'जीटीसी' आलं होतं.

जनुकातली तीन-तीन अक्षरं म्हणजे एक कोडॉन, आणि एक कोडॉन म्हणजे प्रथिनातला एक मणी. बारावा मणी असतो ग्लायसिन, त्याच्या जागी व्हॅलिन बसला. रास हे 189 मण्यांचं प्रथिन पेशीत विजेच्या बटणासारखं काम करतं. वाढीचा निरोप आला की ते जीटीपी हा रेणू धरून 'चालू' होतं. निरोप पुढे पोचला की जीटीपी तोडून स्वतःच 'बंद' होतं. बाराव्या जागी जाड व्हॅलिन आला की ही तोडण्याची क्रिया अडते. एकसष्टावा मणी असलेला ग्लुटामिन बदलला तरी तेच होतं, कारण तोडण्याच्या कामात त्याचा हात असतो. बटण चालूच राहतं आणि कोणी निरोप दिलेला नसताना पेशीला 'वाढ, वाढ' असं सांगत राहतं.

म्हणून आपल्या गोष्टीत दोनच आकडे महत्त्वाचे आहेत, बारा आणि एकसष्ट.

बिघडण्याच्या चार वाटा

एक अक्षर बदलणं ही कर्कजनुक जागं होण्याची एकच वाट झाली. बाकीच्या वाटांवरही मुंबईचे कागद भेटतात.

दुसरी वाट पुनरावृत्तीची. जनुकाचा मजकूर शुद्धच असतो, पण गुणसूत्रात त्याच्या दोनच्या जागी दहा-वीस प्रती होतात. मग प्रथिनही तितकंच जास्त तयार होतं. स्तनाच्या काही कर्करोगांत 'हर-2' जनुकाचं असंच होतं, लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमात एन-मिकचं. 1989 मध्ये परळच्या धनंजया सरनाथ आणि सहकाऱ्यांनी एका जपानी नियतकालिकात तोंडाच्या कर्करोगातल्या अशा वाढीव प्रतींवर निबंध छापला. मिक आणि रास कुळांतली जनुकं काही गाठींत अनेक पटींनी वाढलेली होती. लेखकांच्या यादीत शेवटचं नाव परळच्या कर्करोग संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक एम. जी. देव यांचं आहे, आणि त्याच्या आधी स्टॉकहोमच्या जॉर्ज क्लाईन यांचं.

बर्किट लिम्फोमावरच्या संशोधनामुळे क्लाईन यांचं नाव तिसऱ्या वाटेकडे नेतं. आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्यात होणाऱ्या बर्किट लिम्फोमात आठव्या गुणसूत्राचा तुकडा बहुधा चौदाव्याला जाऊन चिकटतो. त्या तुकड्यावर मिक जनुक असतं. चौदाव्यावरची त्याची नवी जागा म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या जनुकांचा शेजार, आणि रक्तातल्या त्या पेशींत तो भाग अहोरात्र चालू असतो. मिकच्या मजकुराला धक्का लागलेला नसतो, त्याचा शेजार बदललेला असतो. जुनाट मायलॉइड ल्युकेमियात नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांची अशीच देवाणघेवाण होते. 1960 मध्ये फिलाडेल्फियात त्याचा बुटका अवशेष दिसला, 1973 मध्ये जॅनेट राऊली यांनी त्याचा उलगडा केला. या जोडातून बीसीआर-एबीएल हे कधीच न थांबणारं जोडप्रथिन बनतं, आणि त्याला नेमकं अडवणारं औषध म्हणजे इमॅटिनिब. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या नव्या स्वरूपाचं पेटंट नाकारलं. त्या लढ्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. महिन्याला लाखाच्या वर जाणारं औषध भारतीय कंपन्या त्याच्या लहानशा हिश्श्याच्या किमतीत बनवत राहिल्या. एका जनुकाच्या चुकीच्या जोडणीची गोष्ट अशी कोर्टाच्या निकालपत्रापर्यंत जाते.

चौथी वाट विषाणूची, आणि परळमध्ये तिच्यावर चाललेल्या कामाचे कागद आधीचे आहेत. पुण्यात शिकलेल्या, माहेरच्या समर्थ असलेल्या कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली 1949 मध्ये पीएच.डी. केली. उंदरांच्या निरनिराळ्या वंशांत स्तनाचा कर्करोग कसा होतो, आनुवंशिकता, संप्रेरकं आणि आईच्या दुधातून पिल्लाकडे जाणारा विषाणू यांचं एकमेकांशी नातं काय, हा त्यांच्या अनेक वर्षांच्या कामाचा गाभा. तो विषाणू नेमकं काय करतो ते 1982 मध्ये नुसे आणि वार्मस यांनी दाखवलं. तो पेशीच्या गुणसूत्रात शिरून एका निरोगी जनुकाच्या शेजारी जाऊन बसतो आणि आपल्या जोरावर ते चालू करतो. माणसात स्तनाचा कर्करोग या वाटेने होतो असं दिसलेलं नाही, पण जनुक चालू होण्याची रीत मात्र त्यातून शिकता आली.

माणसातला विषाणूचा धडा गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून मिळतो. एचपीव्ही विषाणूकडे स्वतःची दोन कर्कजनुकं असतात, ई-6 आणि ई-7. त्यांची प्रथिनं पेशीतले दोन पहारेकरी, पी-53 आणि आरबी, निकामी करतात. ही गोष्ट सोलापूरच्या बार्शीपर्यंत आली. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने टाटा मेमोरियलच्या साथीने उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या धाराशिवमधल्या, 1,31,746 बायकांचा अभ्यास केला. 2009 मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार एचपीव्हीची एकदाच केलेली तपासणीही बळावलेले कर्करोग आणि मृत्यू कमी करू शकते.

मोठे उंदीर आणि माणसाची लाळ

आता पुन्हा तोंडाकडे येऊ. रसायनामुळे एक अक्षर बदलतं हे सिद्ध करायचं तर रसायन द्यायचं आणि अक्षर तपासायचं. हे काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचं शिक्षण परळच्या कर्करोग संशोधन संस्थेत झालं होतं. सरस्वती सुकुमार अमेरिकेत मारियानो बार्बासिड यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. 1983 मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा निबंध आला. मोठ्या जातीच्या पांढऱ्या उंदरांना एका नायट्रोसो रसायनाने स्तनाचे कर्करोग होतात आणि त्यांत एच-रास जागं झालेलं असतं, असं त्यात होतं. 1985 च्या दुसऱ्या निबंधात हे आणखी पक्कं झालं. बदल बाराव्या कोडॉनमध्येच होता, आणि तोही 'जी'चा 'ए'. हे रसायन डीएनएमधल्या 'जी'ला मिथिल गट चिकटवतं, मग प्रत उतरवताना पेशी त्या 'जी'च्या समोर चुकीचं अक्षर लावते. रसायनाची खूण आणि गाठीतली चूक एकमेकांशी जुळली.

त्याच 1985 मध्ये आणखी एक निबंध आला, पान-तंबाखू खाणाऱ्यांच्या लाळेवरचा. त्याच्या लेखकांत परळच्या एस. व्ही. भिडे होत्या आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेतले सहकारी होते. लाळेत तंबाखूतले आणि सुपारीतले नायट्रोसो पदार्थ सापडले. चघळताना तोंडातही ते तयार होऊ शकतात, असंही त्यातून दिसलं. भिडे यांच्या गटाने पुढे मिश्रीचाही उंदरांवर अभ्यास केला. घराघरात दात घासायच्या नावाखाली वापरलं जाणारं भाजकं काळं चूर्ण त्यांनी प्रयोगशाळेत कर्करोग करू शकणाऱ्या पदार्थांत गणलं.

हे दोन कागद शेजारी ठेवले की पुढचा प्रश्न सरळ उभा राहतो. उंदराच्या जनुकात नायट्रोसो रसायनाने केलेली चूक तंबाखू चघळणाऱ्या माणसाच्या गाठीतही सापडेल का?

सत्तावन्न ठिपके

1991 चा 'ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर' उघडा. लेखक सरनाथ, चँग, भोईटे, पांचाळ, कर, मेहता, जॉन्सन आणि देव. यांत परळ आहे, लंडन आहे आणि टाटाच्या शस्त्रक्रिया विभागाचे मेहताही आहेत. अशा कामाला गाठ काढणारा सर्जन आणि गाठ वाचणारा जीवशास्त्रज्ञ दोघेही एकाच कागदावर हवे असतात. विषय शीर्षकातच आहे. भारतातल्या चघळण्याच्या तंबाखूशी निगडित तोंडाच्या कर्करोगांत एच-रासच्या 12 आणि 61 व्या कोडॉनमध्ये वारंवार दिसणारं उत्परिवर्तन.

त्या काळची पद्धत डोळ्यांसमोर आणण्यासारखी आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा गोठवून ठेवलेला. त्यातून डीएनए काढायचा. नव्यानेच हाती आलेल्या पीसीआर यंत्राने एच-रासच्या नेमक्या भागाच्या कोट्यवधी प्रती काढायच्या. मग त्या प्रतींचा एक थेंब नायलॉनच्या पडद्यावर, एका ओळीत, प्रत्येक रुग्णाचा एक ठिपका. आता विसेक अक्षरांचा, किरणोत्सारी खूण लावलेला शोधतुकडा पडद्यावर ओतायचा. प्रत्येक शक्य चुकीसाठी वेगळा तुकडा. शोधतुकडा अक्षरश: जुळला तर तो चिकटून राहतो. एक अक्षर चुकलं तर ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात धुताना निसटून जातो. पडदा अंधाऱ्या खोलीत एक्स-रे फिल्मवर दाबून ठेवायचा. फिल्म धुतली की काही ठिकाणी काळा ठिपका उमटतो, बाकी जागा रिकामीच राहते.

अशा 57 गाठी तपासल्या. 20 गाठींत एच-रासमध्ये चूक सापडली, म्हणजे 35 टक्के. बारावा कोडॉन आणि एकसष्टावा कोडॉन. 1944 च्या हजार केसपेपरांनी जे बाहेरून सांगितलं होतं ते आता 20 काळ्या ठिपक्यांत आतून दिसत होतं.

एकटा हा निबंध असता तर शंका घेता आली असती. कदाचित तोंडाचा कर्करोग सगळीकडे असाच असेल, पानतंबाखूचा त्यात खास हात नसेलही. त्याचं उत्तर त्याच वर्षी 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये आलं. चँग आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या तोंडाच्या कर्करोगांत रासची उत्परिवर्तनं तपासली. ती तुरळक निघाली. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी म्हटलं आहे, की ब्रिटनमधल्या गाठींत हे क्वचित दिसतं. भारतातल्या पान-तंबाखूच्या गाठींत मात्र तसं नव्हतं.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही गाठी सारख्याच दिसतात. दोन्ही खपलीपेशींचे कर्करोग, दोन्हींत केराटिनचे मोती, दोन्हींची नावं रजिस्टरात एकाच सांकेतिक क्रमांकाखाली. ब्रिटनमधल्या रुग्णांचं तोंड मुख्यतः सिगारेट-दारूचं, मुंबईतल्या रुग्णांचं चुना-तंबाखू-सुपारीचं. खानोलकरांनी गाठीची जागा वाचून सवय ओळखली होती. त्यांच्या 1944 च्या निबंधानंतर सत्तेचाळीस वर्षांनी गाठीतलं जनुक वाचून तीच सवय ओळखू येऊ लागली.

कागद किती बोलतो

एवढ्यावरून तंबाखूनेच ते अक्षर बदललं असं म्हणणं घाईचं ठरेल. 57 पैकी 37 गाठींत ती चूक नव्हती, आणि त्याही चघळणाऱ्यांच्याच होत्या. कर्करोगाला एका जनुकाचं बिघडणं सहसा पुरत नाही. बटण चालूच राहिलं तरी निरोगी पेशीत त्याला अडवणारे पहारेकरी असतात, आणि त्यांतलाही एखादा आधी किंवा नंतर बाद व्हावा लागतो. अनेक वर्षांच्या चघळण्यात या चुका एकेक करून जमत जातात. तोंडाचा कर्करोग बहुधा चाळिशी-पन्नाशीत गाठतो याचं एक कारण हेच.

2013 मध्ये या चुकांची सगळी यादी काढली गेली. आंतरराष्ट्रीय कर्करोग जीनोम प्रकल्पाच्या भारतीय गटाने 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये हिरडी-गालाच्या कर्करोगाचा जनुकीय नकाशा छापला. कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि नवी मुंबईतलं अॅक्ट्रेक यांचं हे काम. अॅक्ट्रेक म्हणजे खारघरला गेलेली परळचीच कर्करोग संशोधन संस्था. या वेळी एकेका कोडॉनचा ठिपका पाहायची गरज नव्हती. गाठीतली प्रथिनं बनवणारी सगळी जनुकं अक्षरन् अक्षर वाचली गेली. वारंवार बिघडणाऱ्या जनुकांच्या यादीत पी-53 सगळ्यांत वर होता, सोबत फॅट-1, कॅस्पेस-8, नॉच-1, आणि होय, एच-रासही. त्याचं प्रमाण मात्र 1991 च्या एक तृतीयांशाच्या जवळपास नव्हतं. मधल्या बावीस वर्षांत पद्धत बदलली, तोंडात ठेवायचे पदार्थही बदलले. पण त्या यादीत ते जनुक होतंच, हे महत्त्वाचं.

रुग्णाच्या दृष्टीने या यादीचा उपयोग सुरू झाला आहे. अडकलेल्या रास बटणाकडे औषधं बोट दाखवू लागली आहेत. फुप्फुसाच्या कर्करोगात के-रासच्या बाराव्या कोडॉनमधल्या एका विशिष्ट चुकीवरच्या औषधाला 2021 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. डोकं-मानेच्या कर्करोगांत एच-रास बिघडलेलं असेल तर टिपिफार्निब नावाच्या औषधाने काही रुग्णांच्या गाठी आकसल्याचं त्याच वर्षी प्रसिद्ध झालं. एकेकाळी फक्त कागदावर असलेले ते दोन आकडे आता औषधाच्या चिठ्ठीवर यायला लागले आहेत.

तळहात

आता या सगळ्या कागदांच्या तारखा एकत्र मांडू. 1944 मध्ये हजार रुग्णांचा हिशोब. 1955 मध्ये तुलनेचा आकडा. 1972 मध्ये एक लाखांहून जास्त खेडुतांची तपासणी. 1985 मध्ये लाळेतली रसायनं, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूसह पानाला माणसात कर्करोग करणारं म्हणून जाहीर केलं. 1991 मध्ये जनुकातलं अक्षर. सुपारी स्वतःसुद्धा, तंबाखूशिवाय, कर्करोग करते हे त्या संस्थेने 2004 च्या ग्रंथात छापलं.

हिल्सबरो ज्या देशात आहे त्या न्यूझीलंडने 1990 च्या धूरमुक्त पर्यावरण कायद्यातच चघळायच्या व तोंडात ठेवायच्या तंबाखूची विक्री बंद केली. म्हणजे परळच्या 1991 च्या निबंधाच्या एक वर्ष आधी. बाराव्या आणि एकसष्टाव्या कोडॉनची नावं माहीत नसतानाही विक्री थांबवता येते. जनुकाचं संशोधन रोगाचं यंत्र समजावतं, औषधाला नेमकी जागा दाखवतं, आणि एका रुग्णाची गाठ दुसऱ्याहून का वेगळी ते सांगतं. रोग होऊ नये म्हणून काय करायचं ते मात्र केसपेपरने आधीच सांगून ठेवलेलं होतं.

महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती 2002 मध्ये, आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. पुन्हा बंदी आली 2012 मध्ये, या वेळी अन्नसुरक्षा कायद्याच्या आधाराने. मधली वर्षं पाकिटांची वर्षं होती. पानपट्टीच्या वरच्या तारेवर टांगलेल्या चमकदार पट्ट्या, एक ओढली की पंधरा पाकिटं घरंगळत खाली येत. बंदीनंतर देशात अनेक ठिकाणी एका पुडीच्या दोन झाल्या. एका पुडीत सुगंधी सुपारीचा मसाला, दुसरीत तंबाखू. प्रत्येक पुडी वेगळी घेतली तर गुटखा नाही.

घेणारा दोन्ही पुड्या दाताने फाडतो, डाव्या तळहातावर ओततो आणि उजव्या अंगठ्याने मळतो. दोन थापट्या मारतो आणि खालच्या हिरडी-गालाच्या फटीत सारतो. खानोलकरांनी ज्या जागेवर बोट ठेवलं होतं, ती हीच फट.